वाटाण्यांचा उतार

मेव्हिस काकू शेवटी घरी परत आली, ताटातले सगळे वाटाणे एकटीनं खाल्ले आणि निघून गेली.

पण हे झालंच नाही असं धरून चालू या. हॉगल ग्रीनमध्ये सगळे तसंच धरून चालतात. त्या रविवारी अख्ख्या गावानं, म्हणजे आमच्याकडे जेवढं गाव उरलंय तेवढ्यानं, पडद्याआडून काकूला रस्ता ओलांडताना पाहिलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि दुसऱ्या दिवशी पबमध्ये प्रत्येकानं काकाला पावसाविषयी विचारलं. काकानंही पावसाविषयीच सांगितलं. तर काकू अजून आलेली नाही. अजून गेलेलीसुद्धा नाही. फेब्रुवारी आहे, आणि तिच्या कानात पाणी पडतंय.

"डाव्या," काकू सकाळी न्याहारीला सांगत होती. सांगत होती मला, बघत होती काकाकडे. "मी म्हटलं, क्लेम, माझ्या डाव्या कानात पाणी पडतंय. तर हा काय म्हणाला असेल?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मग डाव्या कुशीवर झोप."

काकानं पावाला लोणी लावलं. क्लेम काका कमी बोलतो. बोलतो तेही असं, की नंतर वाटतं हा बोलला नसता तर बरं.

"आणि बिछाना सरकव म्हटलं तर?" काकूनं विचारलं.

"तो सरकत नाही," काका म्हणाला. "तुला ठाऊक आहे."

ते मात्र खरं होतं. आमचं घर कललेलं. सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा: खांब, तुळया, वासे. लोखंडाचा खिळा एकही नाही, सगळं खाचा आणि लाकडी खुंट्यांवर. मधे कुडाच्या भिंती, हेझलच्या झुडपाच्या काटक्या विणून वर शेणमातीचा लेप दिलेल्या. आणि त्या सगळ्यावर गव्हाच्या काडाचं जाडजूड छप्पर, वळचणीला इतकं खाली आलेलं, की घर भुवया आक्रसून आपल्याकडे बघतंय असं वाटावं. हे सगळं कधीतरी पश्चिमेला, तळ्याकडे झुकलं. केव्हा, ते कुणाला माहीत नाही. झुकलं आणि मग विचार बदलून तिथंच थांबलं.

घराण्यातल्या लोकांनी त्यावर तोड काढली होती. काकाच्या आजोबांनी पलंगाचे पूर्वेकडचे दोन पाय कापले. म्हणून पलंग सपाट होता, पण फक्त त्याच जागी, तसाच ठेवला तर. बोटभर हलवला तर तो डगमगायचा, आणि फिरवून ठेवला तर झोपलेला माणूस भिंतीत शिरायचा. काकाच्या बापानं कपाटाखाली पाचर मारली. जेवणाचं टेबल तेवढं राहून गेलं. प्रत्येक पिढीला वाटलं, ते आधीच्यांनी केलं असेल.

टेबलाच्या पूर्वेला काकू बसायची, पश्चिमेला काका. वाटाणे असले की काकूच्या ताटातले कडेवरून उडी मारून निघायचे, मेजपोसावरून घरंगळत यायचे आणि काकाच्या ताटाला लागून थांबायचे. काका ते खायचा. न बघता, सुरीच्या पात्यानं ओढून. लग्न झाल्यापासून काकूनं एकदाही वाढलेले सगळे वाटाणे खाल्ले नव्हते, आणि दर वेळी ती म्हणायची, "चोर आहे हा माणूस."

मी मागच्या पडवीत राहतो. मी रूबेन, काकाच्या वारलेल्या भावाचा मुलगा. आईनं दुसरं लग्न केलं तेव्हा पंधरा दिवसांसाठी आलो होतो. पंधरा दिवस अजून संपायचे आहेत. गावातला सगळ्यांत तरुण मी. माझ्यानंतर छपरं शाकारणाऱ्या क्रॅकनेलची कुत्री, आणि तिलाही आता दिसत नाही.

तर त्या सकाळी काकूनं कप विसळला, पालथा घातला आणि सांगितलं, "माझा नंबर लागलाय."

"कसला?" काकानं विचारलं.

"समोरच्या बंगल्याचा. कौन्सिलच्या."

रस्त्यापलीकडे कौन्सिलनं म्हाताऱ्या माणसांसाठी बैठे बंगले बांधलेत. विटांचे, सरळ, एकसारखे. काकूनं कधीतरी नाव घातलं होतं. काकाला माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं, आणि ते नाव पुढे सरकत असेल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"छप्पर धड झालं की सांग," काकू म्हणाली. किटली उचलली, सपाता तशाच पायांत ठेवल्या आणि दाराशी उभी राहिली. बराच वेळ. तिच्या खांद्यावर वळचणीचं पाणी ठिबकत होतं.

काका उठला. दारापर्यंत गेला. घसा साफ केला.

"किल्ली घेतलीस का?" त्यानं विचारलं.

"घेतली," काकू म्हणाली, आणि गेली.

काका परत येऊन आपल्या बाजूला बसला. संध्याकाळी मी काकूच्या खुर्चीवर बसून वाटाणे खायचा प्रयत्न केला. ते नेहमीसारखे निघाले, घरंगळले, काकाच्या ताटाशी थांबले. काकानं त्यांच्याकडे पाहिलं आणि एकेक करून परत माझ्याकडे ढकलले. ते पुन्हा गेले. त्यानं पुन्हा ढकलले. आम्ही त्या दिवशी जेवण लवकर आवरलं.

*

काका दरवर्षी घराच्या बाजूच्या पट्ट्यात जुन्या जातीचा गहू पेरतो. माणसाच्या छातीला लागेल इतका उंच. त्याचा दाणा बेताचा, पण काड लांब आणि चिवट. शाकारणारे ते लांबून येऊन घेऊन जातात. यंदा कुणाला द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं. ठरवलं म्हणजे कुणी विचारायला आलं की तो कोठारात जाऊन बसायचा आणि मी सांगायचो, "काका नाहीये."

जूनमध्ये गहू असा उभा होता की काकूसुद्धा आपल्या खिडकीत खुर्ची घेऊन बसायची. जुलैत वादळ आलं. सकाळी बघतो तर अर्धा पट्टा आडवा, जणू रात्रभर त्यावर कुणी गाई लोळवल्या. आडवं पडलेलं काड पिळवटतं, कुजतं, शाकारायला चालत नाही. काका पट्ट्याच्या कडेनं चालत गेला, गव्हाचं एक काड उचललं, बोटांनी मोडून पाहिलं. मोडलं. दुसरं उचललं.

"निम्मं राहिलंय," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"निम्म्या छपराला पुरेल."

त्याची मान तळ्याकडे वळली. तळ्याकडच्या अंगाला त्यांची झोपायची खोली, आणि पलंगावरही तळ्याकडची बाजू काकूची.

उभा होता तो गहू आम्ही जुन्या मशिननं कापला, हातानं पेंढ्या वेचल्या आणि सहासहा पेंढ्या एकमेकींना टेकवून शेतात उभ्या केल्या. पाऊस आला. पेंढ्या उलट्या केल्या. परत पाऊस आला. परत उलट्या केल्या. काडाच्या कडांनी हाताची आतली कातडी फाटते, त्यात घाम जातो, आणि संध्याकाळी काटा धरता येत नाही इतकी बोटं सुजतात. काका जेवताना चमचा मुठीत धरायचा, लहान पोरासारखा. समोर कुणी हसणारं नव्हतं.

सप्टेंबरात नोएल क्रॅकनेल शिडी घेऊन आला, मागून कुत्री. क्रॅकनेल गुडघ्यांना चामडं बांधून छपरावर चढतो आणि दिवसभर उतरत नाही. गरज पडली तर विहिरीकडे तोंड करतो. त्यानं वरचं कुजलेलं काड ओढून काढलं. खाली जुना थर लागला, कोळशासारखा काळा. घराला जेव्हा धुराडं नव्हतं, मधोमध चूल पेटायची आणि धूर आढ्यातून जायचा, त्या काळचा. तो काढायचा नसतो; त्याच्यावरच नवं काड बसतं. आम्ही तिघं काळं शिंकत होतो. कुत्रीसुद्धा.

मी खाली काड भिजवायचो, हातानं विंचरून सरळ करायचो, जुड्या बांधून शिडीवरून वर द्यायचो. काका शिडीच्या मध्यावर. क्रॅकनेल हेझलच्या पिळलेल्या काड्या टोचून जुड्या बसवायचा आणि लाकडी थापीनं ठोकायचा. ठक, ठक. त्या आवाजाबरोबर समोरच्या बंगल्याचं दार उघडायचं आणि काकू धुणं वाळत घालायला यायची. पाऊस असला तरी.

"रूबेन!" ती रस्त्यापलीकडून ओरडायची. "तुझ्या काकाला सांग, शिडी खालून ओढून घे. निसटेल."

काका माझ्या डोक्यावर चार पायऱ्यांवर उभा.

"काका, शिडी ओढून घे म्हणते."

"तिला सांग, घेतलीय."

"काकू, घेतलीय म्हणतो!"

"दिसतंय मला! त्याला सांग, टोपी घाल!"

"काका, टोपी."

"तिला विचार, कुठं ठेवलीय."

मी विचारलं. काकूनं ओला टॉवेल दोरीवर टाकला. "दाराच्या मागे," ती म्हणाली, जरा हळू. "जिथं असते तिथंच."

टोपी तिथंच होती.

काड पुरलं. तळ्याकडचं अर्धं छप्पर नवं, पिवळं, कापलेल्या पावासारखं. उरलेलं जुनं, काळपट, शेवाळलेलं. क्रॅकनेलनं खाली उतरून, मान मागे टाकून पाहिलं. "एका घराचं लग्न दुसऱ्याशी लावल्यासारखं दिसतंय," तो म्हणाला. "पण पाणी नाही येणार."

त्या रात्री पाऊस झाला. सकाळी काकानं काकूच्या उशीवर हात फिरवला. कोरडी होती.

"जा, सांग तिला," तो मला म्हणाला.

"तू जा की."

"माझ्या बुटांना चिखल आहे."

माझ्याही होता.

*

काकूच्या बंगल्यात गरम होतं. भिंती पांढऱ्या, फरशी गुळगुळीत. तिनं मला बसवलं, चहा ओतला. टेबलावर हात ठेवला आणि मला ओळखीचं काहीतरी वाटलं. वाकून पाहिलं. टेबलाच्या पूर्वेकडच्या दोन पायांखाली टाईल्स घातल्या होत्या.

"हे काय?"

"फरशी जरा सरळ आहे," काकू म्हणाली.

तिनं बशी माझ्याकडे ढकलली. तिच्या समोरच्या, पश्चिमेच्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं. तिथं विणकामाची टोपली होती. टोपलीसमोर मेजपोसावर वाळलेले दोन-तीन वाटाणे.

"छप्पर झालं," मी म्हटलं.

"बघितलं. इथून दिसतं." तिनं चहा ढवळला. साखर ती घेत नाही. "मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, छप्पर झालं सांग."

"आणि?"

"आणि उशी कोरडी आहे."

"आणि?"

मी आठवून पाहिलं. "त्याच्या बुटांना चिखल आहे."

काकूनं चमचा बशीत ठेवला. तिच्या गळ्याशी लाल डाग चढत गेले. "त्याला सांग," ती म्हणाली, "ते घर वाकडं आहे. जन्माचं वाकडं. वाकड्या घरात मी यायची नाही."

मी शब्द न् शब्द काकाला सांगितला. टेबलाखालच्या टाईल्ससुद्धा सांगितल्या.

"बिचारी," काका म्हणाला. "तिथलीही फरशी वाकडीच दिली तिला."

"नाही काका, फरशी सरळ आहे, तिनं मुद्दाम—"

"सरळ असती तर टाईल्स कशाला घातल्या असत्या?" काका म्हणाला आणि कोठारातून ट्रॅक्टरचा जॅक घेऊन आला.

*

तळ्याकडच्या भिंतीखाली जमिनीवर आडवं टाकलेलं एक ओकचं तुळवट आहे. सगळे खांब त्याच्यावर उभे. काकानं त्याच्याखालची माती उकरली, रेल्वेचे जुने लाकडी ओंडके पुरले, त्यावर जॅक बसवले. एक आमचा, एक मागून आणलेला. रोज सकाळी चहाच्या आधी दोन्हींचा दांडा थोडासा फिरवायचा. जास्त नाही. मग घर दिवसभर बोलायचं.

आधी खुंट्या कुरकुरल्या. मग कुडाच्या भिंतीत भेगा पडल्या आणि शेणमातीचे पापुद्रे सूपच्या वाडग्यात पडू लागले. जे दार कधी बंद होत नव्हतं ते बंद झालं आणि उघडेना. मी एक अख्खी सकाळ पडवीच्या खिडकीतून ये-जा केली. भिंतीवरचं घड्याळ, जे काकाच्या बापाच्या मरणानंतर बंद होतं, ते आपोआप चालू झालं आणि चुकीची वेळ दाखवू लागलं. उंदीर निघून गेले. ते समोर बंगल्यांकडे जाताना क्रॅकनेलनं पाहिले.

"क्लेम," क्रॅकनेल येऊन म्हणाला. त्यानं खांबाला तळहात लावला, गाईच्या पोटाला लावतात तसा. "किती पिढ्या ही लाकडं एकमेकांवर टेकून बसलीत. कुणाचा भार कुणावर, ते त्यांनी ठरवून घेतलंय. तू आता मधेच उठवून बसवू नको."

"तिनं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"वाकड्या घरात येणार नाही."

"अरे, बाई असं म्हणते तेव्हा तिला—"

"तुझं लग्न झालंय का, नोएल?"

"नाही."

"मग झालं तर." काकानं दांडा फिरवला. वर कुठंतरी तुळई बंदुकीसारखी वाजली आणि कुत्री क्रॅकनेलच्या पायांत शिरली.

घर सरळ होत गेलं तसं आतलं सगळं वाकडं झालं. कपाटाखालची पाचर काढावी लागली. पलंग पूर्वेला कलंडू लागला, म्हणून काकानं तळ्याकडचे पाय कापले. जरा जास्त कापले गेले. मग पूर्वेचे कापले. असं करत करत पलंग इतका खाली आला की काका त्यावर झोपायचा नाही, पडायचा, आणि सकाळी आधी गुडघ्यांवर यायचा, मग उठायचा.

सगळ्यांत वाईट हाल त्याचेच झाले. जन्मभर तो कललेल्या जमिनीवर चालला होता. त्याचा डावा खांदा वर, उजवा खाली. रस्त्यावरून जातानाही तो वाऱ्याविरुद्ध चालल्यासारखा जायचा. आता सपाट खोलीत तो चालायला लागला की भिंतीवर जाऊन आदळायचा. दाराच्या चौकटीला खांदा लागून काळानिळा झाला. दाढी करताना आरशासमोर उभं राहता येईना. एकदा मोजे घालताना तो कडेला पडला आणि तसाच पडून राहिला. मी हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "जरा बघतोय."

"काय?"

"छत. सरळ आहे."

शेवटी पातळी बघायच्या पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आला. काकानं जॅक काढून त्या जागी विटांचं पक्कं बांधकाम केलं, हात धुतले आणि मला समोर पाठवलं. "सांग, घर सरळ झालं. रविवारी जेवायला ये."

मी सांगितलं. काकूनं हातातला टॉवेल घडी केला, परत उलगडला. "जेवायलाच?" तिनं विचारलं.

"तेवढंच म्हणाला."

*

ती आली तेव्हा तिच्या अंगावर चांगला कोट होता आणि हातात लहान बॅग. बॅगेची चेन नीट लागली नव्हती. आतून रात्रीच्या झग्याची फुलांची बाही दिसत होती. मी पाहिलं. काकानं पाहिलं की नाही, मला माहीत नाही. तो पाणसळ शोधत होता.

दारातल्या तुळईखाली काकू सवयीनं वाकली. वाकायची आता गरज नव्हती. ती सरळ झाली आणि वर बघत राहिली. त्या तुळईवर तिचं डोकं लागून लागून झालेला एक गुळगुळीत डाग आहे. आता तो तिच्या डोक्याच्या चांगला वीतभर वर होता.

"बघ," काका म्हणाला. खिशातून काचेची गोटी काढून त्यानं जमिनीवर ठेवली. गोटी तिथंच बसली. आम्ही तिघं गोटीकडे बघत राहिलो. ती काही करत नव्हती.

"बरं," काकू म्हणाली.

काकानं स्वतः मांस भाजलं होतं, बटाटे उकडले होते, आणि वाटाणे. भरपूर वाटाणे. त्यानं काकूचं ताट वाढलं, ते तिच्या समोर ठेवलं आणि आपल्या जागी बसून हात टेबलाखाली घातले. वाटाणे ताटात होते. मी हळूच टेबलाला गुडघा लावला. तरी हलले नाहीत.

काकूनं वाटाण्यांकडे पाहिलं. मग काकाच्या ताटाकडे, त्याच्या कडेला जिथं ते येऊन थांबायचे तिथं. तिथं आता स्वच्छ मेजपोस होता.

"आता हे सगळे मीच खायचे?" तिनं विचारलं.

"सगळे," काका म्हणाला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. "एकही येणार नाही माझ्याकडे."

काकूनं काटा उचलला. ती सावकाश जेवली. भिंतीवरचं घड्याळ भलतेच टोले देत होतं. शेवटी ताटात फक्त वाटाणे उरले, तेही तिनं काट्यानं टोचून टोचून संपवले. एकेक.

मग तिनं काटा खाली ठेवला. "काही सांगायचंय, क्लेम?"

काकानं घसा साफ केला. उजवा खांदा खाली गेला, परत वर आला. मला वाटलं, आला. आला शब्द.

"पाणसळ बघतेस?" तो म्हणाला.

त्यानं ती टेबलावर ठेवली. काकूनं वाकून बुडबुड्याकडे पाहिलं, डॉक्टरनं दाखवलेल्या फोटोकडे बघतात तसं. "मध्यावर आहे," ती म्हणाली.

"एकदम मध्यावर."

तिनं कोट घातला. दाराजवळची बॅग उचलली. काका तिच्या मागोमाग गेला, चौकटीला आदळला, सावरला.

"किल्ली आहे ना?" त्यानं विचारलं.

ती दाराबाहेर गेल्यावर एकदा थांबली. वळली नाही. मग रस्ता ओलांडून गेली. समोरचं दार लागल्याचा आवाज आला. काका परत येऊन तिच्या ताटाकडे बघत उभा राहिला.

"सगळे खाल्ले तिनं," तो म्हणाला.

*

पुढच्याच आठवड्यात पाऊस लागला. घर उचलल्यामुळं नवं काड धुराड्यापासून बोटभर सुटलं होतं. त्या फटीतून पाणी तुळईवर उतरलं. खाली बुडबुडा मध्यावर होता खरा, पण वरच्या तुळईनं आपला वेगळा हिशेब केला होता आणि ती आता पूर्वेला झुकली होती. पाणी तिच्यावरून उलट वाहत आलं आणि पूर्वेच्या बाजूला पडू लागलं. काकाच्या.

सकाळी तो न्याहारीला आला तेव्हा त्याचा एक कान लाल होता.

"काका, पलंग सरकवू या?"

"पाय याच जागेच्या मापानं कापलेत," तो म्हणाला.

"मग तळ्याकडच्या बाजूला झोप. ती कोरडी आहे."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पावाला लोणी लावायला घेतलं.

मग मिस फेलगेट आल्या. कौन्सिलच्या जुन्या इमारतींच्या खात्यात असतात. चांगल्या बाई, दाराबाहेर बूट पुसले, कुत्रीला थोपटलं. घराभोवती फिरल्या, विटांचं बांधकाम पाहिलं, आत येऊन भेगांवरून बोट फिरवलं आणि खुर्चीवर बसल्या. त्यांचे डोळे भरल्यासारखे वाटले. पण आमच्याकडे धूळही खूप पडत होती.

"मिस्टर थर्लो," त्या म्हणाल्या, "आमच्या नोंदीत या घराच्या वर्णनात 'पश्चिमेकडे ठळक कल' असं लिहिलंय. कल हा घराचा भाग आहे. तुम्ही तो काढून टाकलात."

"घर वाकडं होतं," काका म्हणाला.

"हो. तेच आम्ही जपत होतो."

काका विचारात पडला. असं कुणी त्याला आधी सांगितलं नव्हतं.

"परत घालता येईल," त्या म्हणाल्या. "हळूहळू, आमच्या देखरेखीखाली. पण परवानगी मिळेपर्यंत एकही वीट हलवू नका. अर्ज करा. किती कल होता ते त्यात लिहा."

"मोजला नव्हता."

"मग दुसरी काही खूण? ज्यावरून पूर्वीसारखं झालं हे ओळखता येईल?"

काका टेबलाकडे बघत राहिला. पूर्वेच्या खुर्चीकडे.

"आहे," तो म्हणाला.

त्या गेल्यावर त्यानं मला कागद घ्यायला लावला. खिडकीतून समोरचा बंगला दिसत होता. काकूनं दोरीवर फुलांचा झगा वाळत घातला होता आणि तो पावसात भिजत होता. "तिला झगा आत घे म्हणून सांगू?" मी विचारलं. काका म्हणाला, "आधी हे लिही." तो सांगत गेला, मी जरा सरकारी करत लिहीत गेलो. शेवटच्या वाक्यापाशी तो बराच अडखळला. ते मी त्याच्याच शब्दांत ठेवलं.

प्रति,
जुन्या इमारतींचे खाते, जिल्हा कौन्सिल.

विषय: घर पूर्वस्थितीत आणण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

सदर घराचा पश्चिमेकडील कल पूर्ववत करण्यास परवानगी मिळावी. कल मोजलेला नसल्याने, जेवणाच्या टेबलाच्या पूर्वेकडील ताटातील वाटाणे कोणीही न ढकलता पश्चिमेकडील ताटापाशी येऊन थांबतील, तो कल मूळचा समजण्यात यावा. सदर तपासणीसाठी पूर्वेकडील खुर्चीवर पूर्वीचीच व्यक्ती बसलेली असणे आवश्यक आहे. इतर व्यक्ती बसवून पाहिली असता उपयोग झालेला नाही. सदर व्यक्ती सध्या समोरील बंगल्यात असून, तीही घराच्या मूळ रचनेचा भाग असल्याने, तिला आपल्या खात्याच्या आदेशान्वये मूळ जागी परत आणण्यात यावे, ही विनंती. अर्जदाराला हे तिला स्वतः म्हणता येत नाही.

आपला,
क्लेमंट थर्लो